तू कोणाला कर्कश म्हणालास

मिलिंद,

भेटायला येणारा प्रत्येक जण तुझ्या आवाजाबद्दल बोलतो. मिलिंद कधी कोणाशी चढ्या आवाजात बोलल्याचं आठवत नाही, असं तुझ्या कंपनीतले लोक म्हणाले. सिन्नरला तुझे शाळेतले मित्र आले होते, तेही तेच म्हणाले. इथे आखातात परत आल्यावर काल खालच्या मजल्यावरची इजिप्शियन बाई येऊन गेली. तिला आपली भाषा येत नाही, मला तिची. पण तिनेही ओठांशी बोट नेऊन आणि मग छातीवर हात ठेवून हेच सांगितलं. मी मान हलवत सगळ्यांना चहा देत राहिले. तुझ्या कानांबद्दल कोणीच काही बोललं नाही. बोलणार तरी कसं? तू कोणाला कळू दिलं नाहीस आणि मला कोणाला सांगू दिलं नाहीस.

आता सांगते. तनूला सगळं सांगून झालं आहे, त्यामुळे ज्याच्यापासून लपवायचं असं आता कोणी उरलेलं नाही. तिला सांगितलं ते बरं केलं की वाईट, हे मला अजून कळत नाही, आणि विचारायला तू नाहीस.

पहिल्यांदा तू मला विचारलंस, "फ्रिज वाजतोय का गं?" तनू तेव्हा नववीत होती, शाळेची बस गाठायला खाली गेली होती. मी म्हटलं, नाही. तू फ्रिज बंद करून पाहिलास. मग एसी बंद केलास. मग गॅलरीत जाऊन खाली कोणाची गाडी चालू राहिली आहे का ते बघून आलास. परत आलास तेव्हा तुझा चेहरा मला आवडला नव्हता. "काहीतरी वाजतंय," तू म्हणालास. "सारखं."

ते कशामुळे, हे आपल्या दोघांनाही लगेच कळलं होतं. तू इतकी वर्षं कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये काढलीस, कानाला संरक्षण लावूनसुद्धा. फिंतास भागातल्या त्या खाजगी दवाखान्यात आपण मुद्दाम गेलो, कंपनीच्या डॉक्टरांना कळू नये म्हणून. तिथले डॉक्टर केरळचे होते आणि आपल्यासाठी सावकाश हिंदीत बोलत होते.

"आवाज़ कैसा है? सीटी जैसा?"

तू म्हणालास, नहीं.

"झींगुर जैसा? पानी जैसा?"

नहीं, नहीं, ना रातकिडा, ना पाणी. तू बराच वेळ शब्द शोधलास आणि शेवटी मराठीतच म्हणालास, "कर्कश." मग माझ्याकडे पाहिलंस, मी ते त्यांना समजावून सांगावं म्हणून. मी म्हटलं, "हार्श." डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "हार्श, लाइक व्हॉट?" 

गाडीत बसल्यावर आपण त्या शब्दावरून भांडलो. आठवतं? इतकी मोठी गोष्ट समोर असताना माणसं शब्दावरून भांडतात, कारण तेवढंच हातात असतं. मी म्हटलं, कर्कश हे आवाजाचं नावच नाही, ती आवाजाबद्दलची तक्रार आहे. कावळा कर्कश ओरडतो आणि गाडीचा ब्रेकही कर्कश वाजतो. दोन्ही आवाजांत काही साम्य नाही, फक्त ऐकणाऱ्याला ते नको असतात.

"मग बरोबर आहे," तू म्हणालास. "मला नकोच आहे."

"पण जो दुसऱ्या कोणाला ऐकूच येत नाही त्याला कर्कश कसं म्हणायचं? कर्कश म्हणायला निदान दोन माणसांनी कानांवर हात ठेवायला हवेत."

तू हसलास. थोडंसंच, पण हसलास. मग गाडी सुरू करण्याआधी माझ्याकडून वचन घेतलंस. कानात दोष आहे हे कळलं तर प्लँटमधून काढतील. ऑफिसात बसवतील असं नाही, जागा असायला हवी. मग नोकरी, मग इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, मग तनूची शाळा मध्येच. "तनूची बारावी होईपर्यंत," तू म्हणालास. "मग मी स्वतः सगळ्यांना सांगेन." मी विचारलं, तनूला तरी? तू म्हणालास, तिला मुळीच नाही. तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुलींचे वडील माझ्याच कंपनीत आहेत, आणि ती कारण कळल्याशिवाय कुठलीच गोष्ट सोडत नाही. हे मात्र खरं होतं. पोटात गोष्ट ठेवणारी मुलगी नव्हतीच ती. तेव्हा नव्हती.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मला नंतर फार छळणार होती. ते म्हणाले होते, काही आवाज आता तुम्हाला टोचतील, एकदम सुईसारखे. पण त्याला घाबरून शांततेत बसू नका. आजूबाजूला माणसांचं बोलणं, घरातले साधे आवाज असू द्या. घर जितकं शांत होईल तितका कानातला आवाज मोठा वाटेल.

कंपनीची कानांची तपासणी तू कशी पार पाडायचास तेही तू मला सांगितलं होतंस. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायचं असतं. आवाज सोडताना बाहेरच्या माणसाचा हात हलायचा, तो काचेतून बघून तू बटण दाबायचास. सांगताना तुला जरा अभिमानही वाटत होता. मी मनात म्हणत होते, चाळिशी उलटलेला माणूस, इतका हुशार इंजिनियर, आणि शाळेतल्या मुलासारखी कॉपी करतोय.

पण बघून ऐकण्याची सवय तुझी जुनीच. मला लग्नाआधी तुझ्यात सगळ्यात आधी आवडलं होतं ते हेच, की मी बोलत असताना तू माझ्या तोंडाकडे बघायचास. एवढं लक्ष देऊन मला घरीदारी कोणी ऐकलं नव्हतं. नंतर तुझ्या आईंनी सांगितलं, गिरणीत वाढलेलं पोर आहे, ओठ बघूनच बोलणं समजून घ्यायची सवय. सिन्नरची तुमची पिठाची गिरणी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पट्ट्याचा आवाज, आणि त्या आवाजावर आवाज काढून आई गिऱ्हाइकांशी बोलायच्या. ज्वारी कोणाची, गहू कोणाचे, पुढचा नंबर कोणाचा. दिवसभर असं बोलणाऱ्या बाईचा आवाज घरी आल्यावर लहान कसा होणार? मला ते लक्ष माझ्यासाठी आहे असं वाटलं होतं आणि ते गिरणीतून आलेलं होतं, हे कळल्यावर मी थोडी खट्टू झाले होते. आता वाटतं, कुठून का आलेलं असेना, मिळालं मला. त्यासाठी तुझे आभार मानायचे राहिले.

आईंना तुमच्या घरात सगळे कर्कशा म्हणायचे. हा शब्द तसा पुस्तकी, पण तुमच्या घरात तो चटणी-भाकरीसारखा रोजचा होता. आपल्या लग्नात तुझ्या काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सासू कर्कशा आहे हो, जपून राहा." तू दारात उभा होतास हे त्यांना माहीत नव्हतं. तू आत आलास आणि आवाज जराही न चढवता म्हणालास, "काकू, हा शब्द परत नको."  नंतर तू मला सांगितलंस की शाळेत पालकसभेला आई बोलायला उभ्या राहिल्या की मुलं हसायची आणि तू खाली बघत बसायचास. तेव्हापासून हळू बोलायची सवय लागली, असं तू म्हणालास. मी तुला विचारलं होतं की कर्कशा असा शब्द बायकांनाच का, पुरुषांसाठी तसा का नाही. तू म्हणालास, विचार करून सांगतो. ते राहिलंच.

म्हणून तो शुक्रवार मला अजून पटत नाही. दुसरा कोणताही शब्द तुझ्या तोंडून आला असता तर मी सोडून दिलं असतं.

थंडीचे दिवस होते. मंगफ वस्तीच्या मागच्या मैदानावर नेहमीसारखी मॅच होती. तुझ्या कंपनीतले लोक, आपल्या इमारतीतले, आणि तुझ्या टीममधल्या इकबालभाईंबरोबर आलेले श्रीवर्धनकडचे त्यांचे गाववाले. दाबून बसवलेल्या रेतीत मॅट अंथरलेली, बायका गाड्यांच्या सावलीत खुर्च्या टाकून बसलेल्या. तनूच्या हातात माइक. ती सातवीत असल्यापासून कॉमेंट्री करत आली होती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी सगळं एकात एक मिसळून. तिचा आवाज उंच आणि टोकदार. आईंचाच आवाज तो, आपण दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही इतकंच. त्या दिवशी कोणीतरी नवा भोंगा आणला होता. माइक जरा त्याच्याजवळ गेला की तो किंचाळायचा.

तू बोलिंगला आलास. तनू म्हणाली, "अँड हिअर कम्स माय बाबा, हातात बॉल कमी, डोक्यात विचार जास्त." लोक हसले, तूही हसलास. ती बोलता बोलता खुर्चीवरून उठली, माइक भोंग्यासमोर आला आणि असा आवाज झाला की मीसुद्धा डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा चेंडू जमिनीवर होता. तू डावा कान तळव्याने दाबून सरळ तिच्या टेबलाकडे चालत येत होतास.

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. ओरडणं मैदानात विरून गेलं असतं. तू नेहमीसारखाच हळू बोललास, तिच्या अगदी जवळ जाऊन, आणि माइक चालू होता.

"बंद कर. बंद कर तो कर्कश आवाज."

ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. तुझ्याच मऊ आवाजात, भोंग्यातून.

तनूने माइक टेबलावर ठेवला. इतका हळू ठेवला की तो ठेवल्याचाही आवाज आला नाही. मग गाडीत जाऊन बसली. इकबालभाईंनी भोंग्याची वायर काढली, कोणीतरी म्हणालं "चलो, चलो, खेलो," आणि मॅच पुढे सुरू झाली. तुझं षटक तू पूर्ण केलंस. हेही मला तेव्हा सहन झालं नव्हतं.

घरी आल्यावर तनूने मला स्वयंपाकघरात विचारलं, "आई, कर्कश मीन्स व्हॉट, एक्झॅक्टली?" मी म्हटलं, मोठा आवाज. "ओन्ली लाउड?" मी म्हटलं, हो. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तुझ्यासारखंच, तोंडाकडे.

तिने मग आजीला विचारलं. व्हिडिओ कॉलवर, मी शेजारी कणीक मळत होते. आईंना आपण कशासाठी विचारतोय हे तिने सांगितलं नाही. आई हसल्या. म्हणाल्या, "मला म्हनायचे ना सगळे. मोठा आवाज तर तुझ्या आजोबांचाबी होता, त्यांना कुनी नाही म्हनालं. ज्या बाईचं ऐकायचं नसतं ना पोरी, तिचा आवाज कर्कश." त्यांनी ते गमतीत सांगितलं आणि लगेच दारातले पेरू पिकलेत वगैरे विषय काढला. तनू "ओके आजी, बाय" म्हणाली. माझे हात परातीत तसेच थांबले होते.

त्यानंतर ती बदलली ते तुला दिसत होतं. तिने मैदानावर यायचं सोडलं. घरात पावलं न वाजवता चालायला लागली. मैत्रिणींशी फोनवर बोलायचं तर खोलीचं दार लावून, कुजबुजत. जेवताना आपण मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायचं, तेही असं की तिसऱ्या माणसाला ऐकू जाऊ नये. तू घरी आलास की ती टीव्ही बंद करायची. आणि घर शांत झालं की तुझ्या कानातला आवाज चढायचा. तू उठून वॉशिंग मशिनजवळ स्टूल टाकून बसायचास, चहाचा कप घेऊन. मशिनची घरघर तुला जरा बरी वाटायची. तनूला वाटायचं, बाबा आपल्यापासून लांब जाऊन बसतात. मी दोन दारांच्या मध्ये उभी राहून दोघांकडेही बघायचे. मिलिंद, एका घरात दोन माणसं एकमेकांच्या भल्यासाठी गप्प बसलेली मी वर्षभर बघितली, आणि दोघांचंही भलं होत नव्हतं.

मी तुला म्हटलं, तिला सांग. तू म्हणालास, "मी भोंग्याला म्हणालो होतो."

"मग तेवढं तरी सांग."

"सांगतो. पण मग ती विचारणार, एवढं काय झालं होतं भोंग्याला म्हणून."

"विचारू दे."

"बारावी होऊ दे," तू म्हणायचास. प्रत्येक वेळी हेच. मी रागावून गप्प बसले की माझ्या पुढ्यात पाणी आणून ठेवायचास. मी ते प्यायचे आणि विषय संपायचा. असे किती ग्लास पाणी प्याले मी.

एकदा मात्र तू वेगळं बोललास. आपण दोघेच अबू हलीफाला समुद्रावर फिरायला गेलो होतो. तुला तिथे बरं वाटायचं, लाटांमुळे. मी काहीच विचारलं नव्हतं. तू आपणहून म्हणालास, "खरं सांगू? मी कोणाला म्हणालो ते मला माहीत नाही. त्या क्षणी भोंगा, तिचा आवाज आणि माझ्या कानातला आवाज वेगवेगळे राहिलेच नव्हते. मला सगळंच बंद व्हायला हवं होतं." मग म्हणालास, "आणि शब्द तोच आला. आईला म्हणायचे तोच."

मी तेव्हा तुझा हात धरायला हवा होता की तुला सरळ घरी नेऊन तिच्यासमोर उभं करायला हवं होतं? मी हात धरला. तो क्षण मी अनेकदा उलटसुलट करून बघितला आहे.

तुझ्या जाण्याचा तुझ्या कानांशी काही संबंध नव्हता. सकाळी कंट्रोल रूममध्ये खुर्चीत बसल्या बसल्या तू गेलास; शेजारच्यांना वाटलं जरा डोळे मिटलेत. हृदय, असं सगळे म्हणाले. तनूची अकरावीची परीक्षा नुकतीच संपली होती. बारावीला अजून वर्ष होतं.

पुढचं सगळं इकबालभाईंनी केलं. दूतावास, इस्पितळ, विमानतळावरचे कागद, प्रत्येक ठिकाणी ते माझ्या आधी जाऊन उभे असायचे. तुला घेऊन जायला कार्गोच्या बाहेर आम्ही थांबलो होतो तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, एक बोलू? मिलिंदभाईच्या डाव्या कानाचं मला ठाऊक होतं."  ते म्हणाले, "रन काढताना मी त्या बाजूने हाक मारली तर तो यायचाच नाय. दोनदा आउट झालो त्याच्यापायी. मग मी हाक मारायची सोडली, हात वर करायला लागलो. तो बघून धावायचा." मी विचारलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. ते म्हणाले, "त्याने सांगितलं नाय तर मी कशाला विचारू? नोकरीचा सवाल असतो इथे."

म्हणजे तू समजत होतास तितका एकटा नव्हतास. हे तुला कळलं असतं तर तू हसला असतास की घाबरला असतास, कोण जाणे.

सिन्नरचं सगळं उरकून आम्ही परत आलो ते इथलं घर आवरायला. तुझ्या इकाम्यावर आमचा इकामा. आता फार दिवस राहता येणार नाही. तनू बारावी नाशिकला करेल. परवा तुझ्या कंपनीत काही सह्या करायच्या होत्या, तिथून दोघी घरी येत होतो. वारं धुळीचं होतं, काचा बंद. मी चालवत होते. मी तुझ्या जागेवर, आणि ती मी एरवी बसते त्या जागेवर बसली होती. बाहेर बघत ती म्हणाली, "ॲटलीस्ट आय वॉज क्वाएट. गेलं वर्षभर मी त्यांना अजिबात त्रास नाही दिला. शेवटी त्यांना शांतता मिळाली ना, आई?"

मिलिंद, मला तिथे नुसतं हो म्हणायचं होतं. एक हो म्हटलं असतं की झालं असतं. एवढ्या मोठ्या दुःखात तिने स्वतःसाठी एक चांगली गोष्ट शोधून काढली होती आणि ती घट्ट धरून बसली होती. ती काढून घ्यायला मी कोण? पण त्याच वेळी मला दिसलं की ही मुलगी आता जन्मभर गप्प राहणार. ज्याच्यावर प्रेम करायचं त्याच्यासमोर आवाज काढायचा नाही, असं काहीतरी हिच्या मनात बसणार, आणि ते मीच बसू दिलेलं असणार.

मी सांगितलं. फ्रिजपासून सांगितलं. डॉक्टर, कॉम्प्रेसर, काचेची खोली, वॉशिंग मशीन. शांततेत तुझ्या कानातला आवाज वाढायचा, हेही सांगितलं. ते गाळलं असतं तर बाकी सगळं खोटं झालं असतं.

ती मग म्हणाली, "सो ही नीडेड नॉइज."

मी म्हटलं, घरातले आवाज. माणसांचे.

"माझा?"

मी म्हटलं, तुझासुद्धा.

आणि मग ती ओरडायला लागली. माझ्यावर, तुझ्यावर, तुझ्या कंपनीवर, कोणावर ते मला वेगळं करता आलं नाही. मराठीत ओरडत होती, संपूर्ण मराठीत, जी तिने वर्षभर तोंडातून काढली नव्हती. "मला सांगायचं ना! मी बोलले असते! दिवसभर बोलले असते मी! बडबड बडबड केली असती त्यांच्या शेजारी बसून! तुम्ही दोघांनी मला गप्प बसू दिलं!" सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं वळून बघत होती. बंद गाडीत तिचा आवाज माझ्या डोक्यात घुसत होता. तो आवाज कर्कश होता, मिलिंद. मला दुसरा शब्द सापडला नाही आणि मी शोधलाही नाही. मी तिला हळू बोल म्हटलं नाही. गाडी चालवत राहिले आणि ऐकत राहिले.

फिंतास मागे पडलं तेव्हा तिचा घसा बसला होता. मी समुद्राच्या कडेला गाडी थांबवली. तिने नाक पुसलं आणि अगदी साध्या सुरात विचारलं, "ते कोणाला म्हणाले? स्पीकरला, की मला?"

तू मला पहिल्यांदा दिलेलं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. भोंग्याला. तेवढं म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. मी तिला तुझं दुसरं उत्तर दिलं, समुद्रावरचं. त्यालाही माहीत नव्हतं, असं सांगितलं. त्या क्षणी त्याला सगळंच एक झालं होतं, आणि त्याच्या आईला ज्या शब्दाने हिणवायचे तोच शब्द त्याच्या तोंडून गेला, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. पण तिला येऊन सांगायचं धाडस त्याला झालं नाही, असं मी म्हटलं.

तिने विचार केला. तिचा विचार करतानाचा चेहरा तुझा आहे, खालचा ओठ दाताखाली. मग ती बसलेल्या घशाने म्हणाली, "मग ते मलाच म्हणाले, असं मी धरते. स्पीकरला कोण असं बोलतं? पण त्यांना दुखत होतं म्हणून म्हणाले. मी नकोशी होते म्हणून नाही." मग माझ्याकडे वळली. "हे मला चालेल, आई."

 मला वाटलं होतं ती भोंगा निवडेल. मी तिच्या जागी असते तर भोंगाच निवडला असता.

मला अजून चालत नाही, मिलिंद. तू न सांगता गेलास हे चालत नाही, आणि तुझा हात धरून मी गप्प बसले तेही चालत नाही. पुढे कधी चालेल की नाही, माहीत नाही. पण तिला चालेल असं ती म्हणाली. एवढं तुला सांगायचं होतं.